जड आणि हलके

‘मणभर लोखंड जड की मणभर कापूस?’ हा प्रश्न मुलांनी एकमेकांना किती वेळा विचारला असेल, ह्याची गणती नाही. घाईने उत्तर देणारा ‘लोखंड’ म्हणून मोकळा होतो आणि भोवतालची मुले हसू लागतात. कारण मण तो मणच, मग तो कापसाचा असो की लोखंडाचा. फसलेला मुलगा ओशाळतो. परंतु त्याची बाजू घेणारा कोणी जाणता तेथे असता, तर त्याने सांगितले असते की, ह्या मुलाचे उत्तर चुकीचे नाही. त्याने निराळ्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. लोखंड म्हणताच त्याच्या मनात मूठभर लोखंड आले आणि कापूस म्हणताच मूठभर कापूस. मूठभर लोखंड हे मूठभर कापसाहून जड असते, ह्यात शंका ती कोणती?

सारा घोटाळा ‘जड’ ह्या शब्दाने केलेला आहे. धान्याचे पोते उचलताना जड लागते. तेल पाण्यावर तरंगते, म्हणून पाणी तेलाहून जड, असे म्हणतात. मालाने भरलेली हातगाडी सपाट रस्त्यावरही ढकलण्यास जड जाते. तिन्ही ठिकाणी शब्द एकच. पण पहिल्या वाक्यात वजनाची गोष्ट आहे, दुसऱ्यात घनतेची आणि तिसऱ्यात वस्तुमानाची. घरातील बोलण्याचे काम एका शब्दावर भागते. शास्त्राचे मात्र भागत नाही. कारण ह्या तीन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालतातच असे नाही.

वस्तुमान म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे असल्यास एखाद्या बंदरात धक्क्याशेजारी उभा असलेला, मालाने भरलेला मचवा पाहावा. त्याचा सगळा भार पाण्याने उचलून धरलेला असतो. कोणालाही तो खांद्यावर घ्यावयाचा नसतो. तरीही दोन्ही हातांनी त्याला धक्क्यापासून दूर लोटू लागले, तर प्रथम तो जागचा हलतच नाही असे वाटते. जोर तसाच लावून धरला म्हणजे तो अगदी सावकाश सरकू लागतो. आणि एकदा का तो धक्क्याच्या दिशेने येऊ लागला, की त्याला थोपविणे माणसाच्या हातांचे काम राहत नाही. म्हणून अनुभवी खलाशी मचवा आणि धक्का ह्यांच्या मध्ये कधीही हात घालीत नाहीत. तेथे ते जुने टायर किंवा दोरखंडांच्या गुंडाळ्या टांगून ठेवतात. भार पाण्याने पेलला, पण मचव्याचा हट्ट काही गेला नाही. स्थिर असेल तर स्थिरच राहण्याचा आणि चालू लागला तर चालतच राहण्याचा पदार्थाचा हा जो हट्ट, त्याला जडत्व म्हणतात, आणि त्याचे माप म्हणजे वस्तुमान.

हा हट्ट मोडण्यासाठी जे लावावे लागते, ते बल. स्थिर वस्तूला चालविणे, चालत्या वस्तूला थांबविणे, तिचा वेग किंवा दिशा बदलणे हे बलाचे काम आहे. आयझॅक न्यूटन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बल आणि वस्तुमान ह्यांचा संबंध स्पष्ट शब्दांत मांडला. तेच बल दुप्पट वस्तुमानाला लावले, तर वेगात पडणारी भर निम्मी होते. त्याच्या स्मरणार्थ बलाच्या मापाला ‘न्यूटन’ हेच नाव दिलेले आहे. एक किलोग्रॅम वस्तुमानाच्या पदार्थाचा वेग प्रत्येक सेकंदागणिक सेकंदास एक मीटरने वाढविणारे बल म्हणजे एक न्यूटन. ही व्याख्या कोरडी वाटते. पण शंभर ग्रॅमचे माप तळहातावर ठेवले असता जो भार जाणवतो, तो जवळजवळ एक न्यूटनच असतो.

तळहातावर जाणवणारा हा भार म्हणजेच वजन. पृथ्वी प्रत्येक पदार्थाला आपल्याकडे ओढते. त्या ओढीचे बल म्हणजे त्या पदार्थाचे वजन होय. तेव्हा वस्तुमान हे पदार्थाचे स्वतःचे असते, तर वजन हे पदार्थ आणि पृथ्वी ह्या दोघांमधील व्यवहार असते. पृथ्वीची ओढ कमी झाली, तर वस्तूत तिळमात्र फरक न पडताही तिचे वजन कमी होईल. परंतु अशी ओढ कमी होते तरी कोठे? ह्याचा पहिला पुरावा मोठ्या अनपेक्षित रीतीने हाती आला.

१६७२ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने झाँ रिशे नावाच्या ज्योतिर्विदाला दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे पाठविले. कायेन विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सुमारे पाच अंश उत्तर अक्षांशावर आहे. मंगळ त्या वर्षी पृथ्वीच्या बराच जवळ येणार होता. पॅरिस आणि कायेन अशा दूरदूरच्या दोन ठिकाणांहून त्याचा वेध एकाच सुमारास घेतला, तर त्याचे अंतर काढता आले असते. वेध घ्यावयाचे म्हणजे वेळ अचूक हवी. म्हणून रिशे ह्याने लंबकाचे घड्याळ बरोबर नेले होते. अशा घड्याळाचा शोध हायगेन्स ह्या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये लावला होता. तोवर त्याच्याइतके विश्वासू वेळमापक मनुष्याच्या हाती आलेले नव्हते.

पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे हे घड्याळ कायेनला मागे पडू लागले. ताऱ्यांच्या वेधांशी ताडून पाहता ते दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे उणे भरत होते. दुसरा कोणी असता तर घड्याळ प्रवासात बिघडले, असे म्हणून त्याने तो विषय सोडून दिला असता. रिशे ह्याने तसे केले नाही. एका सेकंदात एक झोका घेणारा लंबक पॅरिसमध्ये सुमारे ९९.४ सेंटीमीटर लांबीचा असतो. कायेनमध्ये नेमका सेकंदाचा झोका मिळविण्यासाठी त्याला तो आखूड करावा लागला. तोही किती, तर पावणेतीन मिलिमीटरांच्या जवळपास. आपल्या हातून काही चूक होत नाही ना, ह्याची खात्री पटावी म्हणून त्याने हा प्रयोग दहा महिने, आठवड्यामागून आठवडा, पुनःपुन्हा केला. पावणेतीन मिलिमीटरांसाठी दहा महिने!

इतकी चिकाटी दाखवूनही त्याच्या म्हणण्यावर साऱ्यांचा विश्वास बसला नाही. कायेनच्या उष्णतेने लंबकाची दांडी लांबली असेल, असा काहींचा तर्क होता. न्यूटनने ह्या शंकेचा विचार केला. उष्णतेने धातू लांबतो हे खरे. पण एवढा फरक पडण्याइतका तो लांबत नाही, असे त्याने दाखवून दिले. लंबकाला झोका देते ती पृथ्वीची ओढ. ती ओढ ज्या ठिकाणी कमी, तेथे झोका सावकाश पडणार. म्हणजे कायेनमध्ये पृथ्वीची ओढच पॅरिसपेक्षा कमी होती. पॅरिसमध्ये एक किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन सुमारे ९.८१ न्यूटन भरते, तर कायेनमध्ये ते ९.७८ न्यूटन भरते. ह्याला दोन कारणे आहेत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि तिच्या ह्या फिरण्याचा वेग विषुववृत्तावर सर्वांत अधिक असतो. त्यामुळे तेथील ओढीचा थोडा भाग वस्तूंना आपल्याबरोबर फिरवीत ठेवण्यात खर्च होतो. शिवाय पृथ्वी हा नेमका गोल नाही. मध्यापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर हे मध्यापासून ध्रुवापर्यंतच्या अंतरापेक्षा सुमारे २१ किलोमीटरांनी अधिक आहे. आणि मध्यापासून जितके दूर जावे, तितकी ओढ कमी. अशा रीतीने मागे पडणाऱ्या एका घड्याळाने सबंध पृथ्वीचा आकार सांगितला. मंगळाचे अंतर मोजण्याचे कामही त्या सफरीत पार पडले; पण पुढच्या काळात रिशे ह्याचे नाव अधिक घेतले गेले ते घड्याळामुळेच.

ह्यावरून बाजारातील एक गंमत सहज उलगडते. वाण्याच्या दोन पारड्यांच्या तराजूत एका बाजूला माप आणि दुसऱ्या बाजूला साखर असते. पृथ्वीची ओढ कमी झाली तर ती दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी होते, आणि काटा मध्यावरच राहतो. म्हणजे ज्याला सगळे ‘वजन करणे’ म्हणतात, ते तराजू खरे पाहता करीतच नाही. तो एका वस्तुमानाची दुसऱ्याशी तुलना करतो. ताणकाट्याचे तसे नाही. त्यातील स्प्रिंग ओढीच्या प्रमाणात ताणली जाते. म्हणून तो खरोखरीच वजन मोजतो. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने विषुववृत्तावर ताणकाट्याने एक किलोग्रॅम सोने घेतले आणि ध्रुवावर त्याच काट्याने ते विकले, तर काटा तेथे सुमारे १००५ ग्रॅम दाखवील आणि त्याला पाच ग्रॅमचा नफा फुकट मिळेल. ध्रुवावर सोने घेणारे गिऱ्हाईक कोठून आणावयाचे, हा प्रश्न वेगळा! तराजू वापरला तर मात्र त्याला एक गुंजही अधिक मिळणार नाही. आज दुकानांतून दिसणारे विजेचे काटे हे तराजूचे नव्हे, तर ताणकाट्याचे भाऊबंद आहेत. त्यांच्या आत धातूचा एक तुकडा भाराने किंचित वाकतो आणि त्यावरून आकडा उमटतो. म्हणूनच प्रयोगशाळेतील नाजूक काटा दुसऱ्या गावी नेला, की तेथे ज्ञात वस्तुमान ठेवून तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

पृथ्वी सोडून चंद्रावर गेले म्हणजे हा फरक हजारांत तीन किंवा पाच इतका राहत नाही. चंद्राची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. तेथे उतरलेल्या अमेरिकी अंतराळवीरांचा पोशाख आणि पाठीवरील यंत्रे मिळून पृथ्वीवर नव्वद किलोग्रॅमच्या घरात भरत. इतके ओझे घेऊन येथे दोन पावले टाकणेही अवघड. चंद्रावर ते उड्या मारीत चालत. पण धावताना थांबावयाचे झाले की त्यांची तारांबळ उडे, कारण वजन कमी झाले तरी वस्तुमान पुरतेपणी बरोबर आलेले असे. मचव्याचा हट्ट येथेही होताच.

ऑगस्ट १९७१ मध्ये ‘अपोलो १५’ ह्या मोहिमेतील डेव्हिड स्कॉट ह्याने चंद्रावर एक साधा प्रयोग केला. एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरून त्याने दोन्ही एकाच वेळी सोडून दिले. दोन्ही एकदमच जमिनीवर पडली. हातोड्याचे वस्तुमान १.३२ किलोग्रॅम, तर पिसाचे सुमारे ३० ग्रॅम होते. म्हणजे हातोड्यावरील ओढ पिसावरील ओढीच्या ४४ पट होती. मग तो आधी का पडू नये? कारण त्याचा हट्टही ४४ पट होता. ओढणारे बल जितके अधिक, तितकाच हलण्यास विरोधही अधिक. म्हणून दोघांचा वेग सारखाच वाढला. पृथ्वीवर पीस मागे रेंगाळते ते हवेमुळे. चंद्रावर हवा नाही.

अंतराळ स्थानकात तर माणसे तरंगतच असतात. तेथे पृथ्वीची ओढ पोहोचत नाही, असा समज बराच पसरलेला आहे. तो खरा नाही. चारशे किलोमीटर उंचीवरही ती ओढ जमिनीवरील ओढीच्या जवळजवळ नऊ दशांश असते. स्थानक आणि त्यातील माणसे अशी दोन्ही पृथ्वीभोवती एकसारखी पडत असतात, म्हणून पायाखाली भार लागत नाही. तेथे तराजूही निरुपयोगी आणि ताणकाटाही निरुपयोगी. पण अंतराळवीरांचे स्नायू तेथे झिजतात. त्यांच्या शरीराचे वस्तुमान घटत तर नाही ना, हे वैद्यांना कळणे अत्यंत अगत्याचे असते. ह्यावर काढलेली युक्ती सुंदर आहे. १९७३ मध्ये सोडलेल्या ‘स्कायलॅब’ ह्या स्थानकात स्प्रिंगांवर बसविलेली एक खुर्ची होती. अंतराळवीर तीत स्वतःला बांधून घेई आणि खुर्ची मागेपुढे हेलकावू लागे. वस्तुमान अधिक असेल तर हेलकावा सावकाश, कमी असेल तर झपाट्याने. हेलकाव्यास लागणारा वेळ मोजला, की वस्तुमान कळले. जडत्वाने माणूस मोजण्याची ही रीत आहे.

वस्तुमान मोजावयाचे तर मूळ माप कोणते? १८८९ पासून पॅरिसजवळील सेव्र येथे ठेवलेली प्लॅटिनम आणि इरिडियम ह्यांच्या मिश्रधातूची ३९ मिलिमीटर उंचीची एक नळकांडी वडी हेच जगाचे एक किलोग्रॅम होते. तिच्या प्रतिकृती निरनिराळ्या देशांना दिलेल्या होत्या; भारताची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. भारताने १९५६ मध्ये कायदा करून मण, शेर आणि तोळे ह्यांच्या जागी किलोग्रॅम आणि ग्रॅम आणले, ते ह्याच मापाच्या आधारावर. पण शंभर वर्षांत मूळ वडी आणि तिच्या प्रती ह्यांच्यात एका ग्रॅमच्या लक्षांशाच्या काही पट फरक पडलेला आढळला. बदलली कोण, वडी की प्रती? सांगण्यास मार्ग नव्हता. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या वडीवरून काढून निसर्गातील एका न बदलणाऱ्या स्थिरांकावर बसविण्यात आली.

आता त्या ओशाळलेल्या मुलाकडे पुन्हा वळावे. त्याच्या मनात होती ती घनता, म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान मावले आहे ते. एक घन सेंटीमीटर पाण्याचे वस्तुमान एक ग्रॅम असते, तेवढ्याच लोखंडाचे सुमारे ७.९ ग्रॅम, पाऱ्याचे १३.६ ग्रॅम आणि सोन्याचे १९.३ ग्रॅम. वस्तूचे तुकडे केले की वस्तुमान वाटले जाते. घनता मात्र प्रत्येक तुकड्यात तीच राहते. म्हणून घनता ही पदार्थाची ओळख ठरते. आर्किमिडीज आणि राजाचा मुकुट ह्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे. सोनाराने सोन्यात चांदी मिसळली असावी, असा राजाला संशय होता. आर्किमिडीजने मुकुट पाण्यात बुडवून सांडलेल्या पाण्यावरून लबाडी उघडकीस आणली, असे सांगतात. गोष्ट गोड आहे, पण हिशेब करून पाहण्याजोगी आहे. मुकुट एक किलोग्रॅमचा असेल आणि शुद्ध असेल, तर तो सुमारे ५२ घन सेंटीमीटर जागा व्यापील. त्यात ३०० ग्रॅम चांदी असेल, तर ६५. फरक १३ घन सेंटीमीटरांचा. वीस सेंटीमीटर रुंद तोंडाच्या भांड्यात एवढ्या पाण्याने पातळी अर्धा मिलिमीटरही चढत नाही! बावीस वर्षांच्या गॅलिलिओला १५८६ मध्ये हाच संशय आला. पाणी सांडण्याची रीत फार ढोबळ आहे. मुकुट पाण्यात बुडवूनच तराजूने तोलला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी भासते. शुद्ध मुकुट ५२ ग्रॅमने हलका भासेल आणि भेसळीचा ६५ ग्रॅमने. तेरा ग्रॅमचा फरक साध्या तराजूलाही कळतो.

घनतेच्या अशाच लहानशा फरकावर खलाशांचे प्राण अवलंबून असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे कित्येक जहाजमालक जहाजे मर्यादेबाहेर भरीत. जहाज बुडाले तरी विम्याचे पैसे मिळत. खलाशी मात्र परत मिळत नसत. सॅम्युअल प्लिमसॉल ह्या पार्लमेंटच्या सभासदाने ह्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा दिला आणि १८७६ मध्ये कायदा होऊन प्रत्येक जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगविणे सक्तीचे झाले. गंमत अशी की, ती रेषा कोठे काढावी हे प्रथम मालकावरच सोपविलेले होते! ती उणीव १८९० मध्ये दूर झाली. आज जगातील मालवाहू जहाजांवर मध्यातून आडवी रेघ गेलेले एक वर्तुळ दिसते आणि त्याच्या शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या लहान लहान रेघा दिसतात. उन्हाळी समुद्राची रेघ निराळी, वादळी हिवाळ्याची तिच्याखाली, आणि गोड्या पाण्याची त्यांच्या वर.

गोड्या पाण्यासाठी निराळी रेघ कशाला? समुद्राच्या पाण्यात मीठ विरघळलेले असल्यामुळे त्याची घनता १.०२५ असते. दहा हजार टनांच्या भरल्या जहाजाला तरंगण्यासाठी दहा हजार टन पाणी बाजूला सारावे लागते. समुद्रात त्यासाठी सुमारे ९७५६ घन मीटर पाणी पुरते. नदीत पूर्ण १०,००० घन मीटर लागते. पाण्याच्या पातळीला जहाजाचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस मीटर असेल, तर ते नदीत शिरताच सुमारे १२ सेंटीमीटर अधिक खाली बसेल. कोलकात्याचे बंदर समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, हुगळी नदीवर आहे. तेथे येणारे जहाज एकही पोते न चढविता खोल जाते, आणि उथळ नदीत तेवढ्यानेही तळ गाळाला टेकण्याचे भय असते. परतीच्या वेळी ह्याच्या उलट घडते. धक्क्यावर माल चढत असताना समुद्राची रेघ पाण्याखाली गेलेली दिसली, तरी कप्तान चढाई थांबवीत नाही. पाणी गोड्या पाण्याच्या रेघेला टेकेपर्यंत तो माल घेतो. जहाज खाऱ्या पाण्यात पोहोचले की ते आपोआप वर उचलले जाते, आणि समुद्राची रेघ पुन्हा लाटांच्या वर येते.